आधी पाणी मोजा

प्रश्न : आमचं शेत प्रकाशा शिवारात, गोमाईच्या अंगाला आहे. बांधावर आणि वरच्या मुरमाड तुकड्यावर रोशा गवत आपसूक येतं. सासरे सांगायचे, पूर्वी सातपुड्याच्या पायथ्याला या गवताचं तेल काढणाऱ्या भट्ट्या लागत. मुलाने मोबाइलवर तीन तऱ्हेच्या भट्ट्या दाखवल्या : एक तांब्याची, कांद्याच्या आकाराची, एक स्टीलची, वर उंच खांब असलेली, आणि एक नुसती कुकरला नळी जोडलेली. शिकण्यापुरतं घरी तेल काढायचं तर यांतली कोणती घ्यावी? शेजारचे म्हणतात, असलं काही दारात दिसलं तर दारूची भट्टी समजून पोलीस येतील. खरं आहे का? आणि एक गंमत म्हणून विचारते, ‘पहिल्या धारेची’ असं म्हणतात ते का?
(एक वाचक, प्रकाशा, ता. शहादा)

उत्तर : ताई, तिन्हींपैकी एकही घेऊ नका. निदान आज नको. आधी विहिरीवर जा आणि भट्टीच्या दिवशी तुमच्या हाताशी किती गार पाणी असेल ते बघा. नवशिका माणूस भट्टी निवडताना हंड्याकडे पाहतो, कारण हंडा चकाकतो. पण तेल निघतं की उडून जातं, हे हंड्यात ठरत नाही. ते ठरतं वाफ गार होते त्या जागी.

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी व्हायची आणि ते पाणी हाताला सोसेल इतकं गार व्हायचं, तर तिच्यातून सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. गार करणारं पाणी वीस अंशांनी तापू दिलं, तर त्याचा एक लिटर वीस किलोकॅलरी घेतो. म्हणजे नळीतून एक लिटर अर्कपाणी पडायला बाहेर तीस लिटर पाणी तापवावं लागतं. मे महिन्यात तुमच्याकडे टाकीतलं पाणीच मुळात कोमट असतं, तेव्हा तीसचे चाळीस धरा. जाहिरातीत हंडा मोठा दिसतो आणि त्याच्या शेजारी गार पाण्याचं भांडं पूजेच्या तांब्याएवढं असतं. ती शोभेची वस्तू आहे.

हे शहाणपण मला ठेच लागून आलेलं आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरातला जुना कुकर घेतला, शिट्टी काढली, तिथे रबरी नळी बसवली आणि नळी पाण्याच्या बादलीतून फिरवली. कुकरात गवती चहा ठासून भरला. अर्ध्या तासाने घरभर असा वास सुटला की शेजारून चहाची विचारणा झाली. बाटलीत मात्र गढूळ, गरम पाणी, आणि त्याला जळक्या रबराचा वास. नळी मध्ये लोंबत होती. त्या झोळात पाणी साठून वाफ गचके देत होती. बादली पंधरा मिनिटांत तापून गेली होती. तेल निघालं नाही असं नाही. निघालं, आणि खिडकीतून गेलं. घरभर वास सुटला म्हणजे काम फत्ते झालं, असं मला वाटत होतं. खरं तर नाकाला लागत होता तो सगळा तोटा होता.

आता गवताकडे येऊ, कारण तुमच्या बांधावर जे उगवतं त्याचा दिमाख तुम्हाला ठाऊक असायला हवा. रोशाच्या तेलात मुख्य द्रव्य असतं जिरॅनिऑल. चांगल्या तेलात ते पाऊण हिश्श्याहून अधिक. गुलाबाच्या वासातही हेच द्रव्य आहे. म्हणून एकोणिसाव्या शतकात खानदेशातलं रोशा तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे जाई, तिथून इस्तंबूलला, आणि तिथे बल्गेरियाच्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात गुपचूप मिसळलं जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. ते ना तुर्की, ना जिरॅनियमचं. याकोब्सेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं ते याच ‘भारतीय जिरॅनियम तेला’तून. म्हणजे जिरॅनिऑल हे नाव गवताला पडलेल्या खोट्या नावावरून आलेलं आहे. गवताच्या शास्त्रीय नावातला ‘मार्टिनी’ म्हणजे लखनौचा फ्रेंच सरदार क्लॉड मार्टिन, ज्याच्या पैशातून तिथली ला मार्टिनिएर शाळा उभी राहिली. तुर्क, फ्रेंच, जर्मन सगळे येऊन गेले. नंदुरबार-पिंपळनेरकडच्या गवत कापणाऱ्यांचं नाव मात्र कुठल्याच कागदावर चढलं नाही.

गवतात दोन जाती आहेत. मोतिया आणि सोफिया. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर येतो, त्याचं तेल गोड, गुलाबी वासाचं. सोफिया दमट, सावलीच्या जागी येतो आणि त्याच्या तेलात जिरॅनिऑल कमी भरतं. तुमचा तुकडा मुरमाड आहे म्हणता, तेव्हा मोतिया असण्याचा संभव बराच. फुलोरा पूर्ण उमलल्यावर तुरा चोळून वास घ्या. गुलाबाची आठवण झाली तर कामाचं.

जिरॅनिऑलला एकट्याला उकळायचं तर २३० अंशांची आच लागते. तेवढ्या आचेला गवत जळून जाईल. पण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून भांड्यात दोघांची वाफ आपापल्या जोरावर उठते आणि तो जोर एकत्र होतो. बाहेरच्या हवेच्या दाबाला तो पुरला की मिश्रण उकळतं, आणि ते शंभर अंशांच्या किंचित खालीच घडतं. पाण्याची वाफ तेलाला हात धरून बाहेर आणते म्हणा. बाहेर आल्यावर दोघं गार झाली की पुन्हा फारकत : तेल वर, पाणी खाली. सगळी युक्ती एवढीच आहे.

ही युक्ती खानदेशातल्या जुन्या तेलवाल्यांना पक्की माहीत होती. म्हणून त्यांची भट्टी गावात नसे, ओढ्याकाठी असे. चिखलाच्या चुलाण्यावर लोखंडी कढई, तिच्यात गवताच्या पेंढ्या दाबून भरलेल्या, वर झाकण, झाकणाच्या फटीला उडदाच्या पिठाचा लपेटा, झाकणातून निघालेली सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी, आणि नळीचं दुसरं टोक तांब्याच्या भांड्यात. ते भांडं वाहत्या पाण्यात बुडवलेलं. गार करायचं काम ओढा फुकट करी. पाऊस संपून गवत फुलोऱ्यावर येई तेव्हा ओढ्यांनाही पाणी असे. दोन्ही हंगाम जुळत.

उडदाच्या पिठाकडे मात्र नीट बघा. आज आपण तिथे रबराचा पक्का वॉशर आणि चार नटबोल्ट लावतो आणि त्यालाच सुधारणा म्हणतो. पण समजा गवताची काडी नळीच्या तोंडात अडकली. आत वाफ कोंडली. पिठाचा लपेटा एका बाजूने फुर्र करून सुटतो, फार तर हात पोळतो. नटबोल्ट सुटत नाहीत. मग भांडं सुटतं. पिठाचा लपेटा हाच त्या भट्टीचा सेफ्टी वाल्व. मी आजही कणीकच लावतो.

जगभरच्या जुन्या भट्ट्यांची विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडम यांनी जी वर्गवारी केली, तिच्यातले दोन प्रकार आपल्याला ओळखीचे आहेत. एकात वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात जाते आणि ते भांडं पाण्यात बसवलेलं असतं. याला त्यांनी गांधार प्रकार म्हटलं. तुमच्या सासऱ्यांच्या आठवणीतली रोशाची भट्टी याच घराण्यातली. कनौजच्या अत्तरवाल्यांची देग, चोंगा आणि भपका हेही तेच : देग म्हणजे हंडा, चोंगा म्हणजे बांबूची नळी, भपका म्हणजे पाण्यात बसलेलं भांडं. (मराठीत वासाचा ‘भपकारा’ येतो तो याच भाप, म्हणजे वाफ, या शब्दाच्या घराण्यातला असावा, असं मला आपलं वाटतं.) दुसऱ्या प्रकारात नळीच नसते. खाली उकळतं मडकं, त्यावर भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत एक वाटी, आणि सगळ्यात वर गार पाण्याचं भांडं. वाफ वरच्या भांड्याच्या बुडाला लागते, थेंब होऊन वाटीत पडते. याला मंगोल प्रकार म्हणतात. मध्य भारतात मोहाची दारू या दोन्ही तऱ्हांनी गाळली गेली आहे. दुसऱ्या तऱ्हेत कुणीतरी सतत वरचं पाणी बदलत बसायचं असतं. ते पाणी तापलं की खालची वाफ थेंब न होता वाया जाते. पुन्हा तेच, पाण्याचंच राज्य.

आता तुमच्या तीन भट्ट्या.

उंच खांबाची लगेच बाजूला ठेवा. तो खांब असतो एकमेकांत मिसळलेले दोन द्रव वेगळे करायला. साखर कारखान्यांच्या आसवनीत असे मनोरे दिसतात. त्यांत वाफ वर चढता चढता पुन्हापुन्हा थेंब होते, पुन्हा उकळते, आणि माथ्याशी ९५ टक्क्यांच्या आसपासचा अल्कोहोल मिळतो. तुमचं तेल पाण्यात मिसळतच नाही. बाटलीत ते आपणहून वर येऊन तरंगणार आहे. त्याला खांबाची गरज नाही, आणि खांबाची भट्टी अंगणात दिसली तर शेजाऱ्यांचा संशय मात्र रास्त ठरेल.

तांब्याचा कांदा सुंदर असतो. गोव्यात फेणीसाठी तांब्याचा भाण वापरतात, कनौजलाही तांबंच. आंबवलेल्या रसातले गंधकाचे उग्र वास तांबं धरून ठेवतं, म्हणून दारूच्या कामात त्याला मान. रोशाच्या तेलाला तो फायदा नाही. उलट तेल हिरवट पडतं. शिवाय किंमत. ज्याला अजून गवत कधी कापायचं ते ठरवता येत नाही, त्याने तांबं घेऊ नये.

कुकर स्वस्त म्हणून मोह होतो. माझ्यासारखी एक फजिती करून घ्यायला तो ठीक आहे. पण गवताचं अंग मोठं असतं आणि तेल त्यात अर्धा टक्का. कुकरात अर्धा-पाऊण किलो गवत मावेल आणि तीन-चार ग्रॅम तेल निघेल, तेही नळीच्या अंगाला लागून राहील. झाकण इतकं घट्ट बसतं की नळी तुंबली तर आपण बॉम्बशेजारी उभे.

मग घ्यायचं काय? शहाद्यात किंवा नंदुरबारात स्टीलची भांडी वेल्डिंग करणाऱ्याकडून एक साठ लिटरचं उभं पातेलं करून घ्या. सगळा जीव त्यातल्या एका गोष्टीत आहे : बुडापासून वीतभर उंचीवर भोकांची जाळी. जाळीखाली दहा-बारा लिटर पाणी, जाळीवर गवत. गवत पाण्यात बुडत नाही, बुडाला लागत नाही, म्हणून करपत नाही. जुन्या लोखंडी कढईचा तोच एक दोष होता. गवत बुडाला लागलं की तेलाला धुरकट वास चढे आणि भाव पडे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, शेतावर लावायच्या ज्या भट्ट्या तयार केल्या त्यांतही हीच जाळी आहे. फक्त त्या क्विंटलांच्या हिशोबात असतात. वेगळा बॉयलर आणि त्यातून पाइपने आणलेली वाफ ही त्यापुढची पायरी. ती एकरांत गवत लावल्यावर बघू.

झाकणातून निघणारी नळी अंगठ्याएवढी रुंद ठेवा, तिच्या तोंडाशी आतून जाळीचा तुकडा लावा म्हणजे काडी अडकणार नाही. नळी पुढे एका दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये वेटोळी होऊन उतरू द्या. चार-पाच मीटर लांबीचं स्टीलचं वेटोळं पुरतं. उतार सलग हवा, कुठेही झोळ नको. बॅरलमध्ये गार पाणी तळाशी सोडायचं आणि तापलेलं वरून सांडू द्यायचं. उलटं केलंत तर वेटोळ्याचं शेवटचं टोक, जे सगळ्यात गार हवं, तेच गरम राहील. हिशोब करून बघा : सहा-सात किलो गवत, दोन-अडीच तास, पाच लिटर अर्कपाणी. त्याला लागतात तीन हजार किलोकॅलरी काढून घ्यायला. दोनशे लिटरच्या बॅरलचं पाणी तेवढ्याने पंधरा अंश तापेल. म्हणजे पंप चालू न ठेवताही एक भट्टी निभते. ते पाणी रात्रभर निवू द्या आणि सकाळी पपईला सोडा.

तेल किती मिळेल म्हणाल, तर तीस-पस्तीस ग्रॅम. कपभरही नाही. आधी सांगून ठेवतो, नाहीतर घरात भांडण होईल.

पातेलं आधी पूर्ण स्वच्छ करा : पहिली भट्टी नुसत्या पाण्याची लावा, वेल्डिंगचा वास जाऊ द्या. गवत कापून सावलीत काही तास सुकवा, पण वाळवू नका. पातेल्यात भरताना कडेला पायाने दाबतात तसं दाबून बसवा. मध्ये पोकळी राहिली की वाफ तिथूनच पळते आणि बाकीचं गवत कोरडं राहतं. आच सुरुवातीला मोठी, धार लागली की मंद. नळीच्या तोंडाला बोट लावा. पडणारं पाणी कोमट लागलं तर छान. चटका बसला तर आच कमी करा. वाफ दिसली तर तुमचं तेल चाललं आहे. हे बोटाचं काम आहे. बाटली रुंद तोंडाची, खाली तोटी असलेली घ्या. पाणी तोटीने जाऊ द्या, वर साचलेला पिवळसर थर शेवटी अलगद काढा आणि काळ्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. भट्टीतून निघालेलं गवत वाळवलं की पुढच्या भट्टीचं जळण झालं. आणि हे सगळं उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नको. तेलाची वाफ पेट घेते.

एक वेगळी सूचना. गवत तुमच्या बांधावरचं आहे तोवर प्रश्न नाही. जंगलातलं आणायचं झालं तर ते वनोपज आहे. ग्रामसभेला आणि वनखात्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता पोलिसांचं. शेजारचे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याच्या ६५व्या कलमाखाली परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहेच, पण दारू गाळण्याच्या हेतूने भट्टी, भांडी, साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. घरच्यापुरती, हौसेपुरती अशी सूट त्यात नाही. परदेशात काही ठिकाणी, उदाहरणार्थ न्यूझीलंडमध्ये, घरी स्वतःपुरतं गाळायला मुभा आहे, आणि मोबाइलवर दिसणाऱ्या भट्ट्या बहुतेक तशा गिऱ्हाइकांसाठी असतात. मुलाला हे जरूर सांगा. तुमचा हेतू तेलाचा आहे, तेव्हा तुम्ही या कलमात बसत नाही. तरी पातेलं घरी येण्याआधी राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात एक साधा अर्ज देऊन पोच घ्या आणि ग्रामपंचायतीला कळवा. भट्टीच्या दिवशी बीट हवालदाराला चहाला बोलवा. रोशाचा वास एकदा घेतलेला माणूस त्याला हातभट्टी म्हणणार नाही.

तुमच्या भागात या विषयाला आणखी एक काठ आहे, तो कायद्याच्या पुस्तकात नाही. १९३७-३८च्या सुमारास तळोद्याकडे गुला महाराजांनी भिल्लांमध्ये दारू सोडण्याची चळवळ उभी केली. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी बायका गटागटाने दारूच्या अड्ड्यांवर गेल्या आणि मडकी फोडून आल्या. जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू होता. दारूचा विषय बायकांनी आपल्या हाताने त्यात आणला. तेव्हा तुमच्या गावच्या एखाद्या म्हातारीने अंगणातलं पातेलं पाहून भुवई उंचावली, तर तिच्यावर रागावू नका. तिला बाटली हुंगायला द्या.

राहिली ‘पहिल्या धारेची’. आंबवलेल्या रसात अल्कोहोल आणि पाणी मिसळलेलं असतं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो, पाणी शंभरला. साध्या हंड्यात दोघं पुरते वेगळे होत नाहीत, पण सुरुवातीला उठणाऱ्या वाफेत अल्कोहोलचा वाटा सगळ्यात मोठा असतो आणि तो पुढे उतरत जातो. म्हणून नळीतून आधी पडते ती कडक, मागाहून येते ती पाणचट. गोव्यात काजूच्या रसाची पहिल्या गाळपाची ती उर्राक, सौम्य. तीच नव्या रसाबरोबर पुन्हा गाळली की फेणी. आपल्याकडे एकदाच गाळायचे, म्हणून धारेवरून मोल ठरायचं. पुढे हा शब्द भट्टीवरून उठून गप्पांत आला आणि पहिल्या धारेचा किस्सा, पहिल्या धारेची शिवी असं सगळं सुरू झालं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. विषारी दारूने माणसं मरतात ती पहिली धार प्यायल्याने मरतात, असं लोक समजतात. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती दारूत मिथेनॉल होतं म्हणून. ते कारखान्यात वापरायचं रसायन आहे, विकणारे नफ्यासाठी ते ओततात. फुलं किंवा गूळ आंबवून ते तेवढ्या प्रमाणात तयार होत नाही.

तुमच्या भट्टीतही पहिली धार असतेच. बहुतेक तेल पहिल्या तासाभरात उतरतं. नंतरचं पाणी नुसतंच सुगंधी. पण दुसऱ्या तासाला कंटाळून आग विझवू नका, तुऱ्यांमधलं जड तेल मागाहूनच येतं. ऑक्टोबरअखेर फुलोरा येईल. बाटली भरली की तेलाचा रंग आणि बॅरलचं पाणी किती तापलं, एवढं एका पोस्टकार्डावर कळवा.